नेद्याल्कोच्या वाक्यातली नौका

शनिवार, अठ्ठावीस सप्टेंबर. सकाळी अकरा वाजून बावन्न मिनिटांनी ब्रेस्तोवोच्या वाचनगृहात दोन झाडं जुळली. सातशे त्रेचाळीस शब्दांपैकी सातशे एकतीस शब्द दोन्ही झाडांवर एकाच फांदीला लटकलेले निघाले. मुदत दुपारी बाराची होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी कुणीतरी जुन्या शाळेची घंटा बडवायला सुरुवात केली. बेकरीवाला बानित्साचा अख्खा ट्रे डोक्यावर घेऊन धावत आला. चीजची ती पोळी इतकी गरम होती की तो पायऱ्यांवरच नाचल्यासारखा उड्या मारत होता आणि लोकांना वाटलं आनंदाने नाचतोय, म्हणून तेही नाचायला लागले. साडेबाराला वाचनगृहासमोरच्या चौकात हातात हात घालून एकसष्ट माणसांची साखळी फिरत होती. मी मोजली.

झाड म्हणजे वाक्याचं झाड. शाळेत कर्त्याखाली एक रेघ आणि क्रियापदाखाली दोन रेघा ओढायला लावत, त्या वाक्यपृथक्करणाचा हा थोरला भाऊ. वाक्यातला प्रत्येक शब्द दुसऱ्या एका शब्दाला टांगायचा, आणि एकालाच. शेवटी एक शब्द असा उरला पाहिजे, जो कशालाच टांगलेला नाही. त्याला मूळ म्हणतात. ते कागदावर सगळ्यांत वर असतं, याचं आमच्या गावात आता कुणाला नवल वाटत नाही.

वाक्य दास्कल नेद्याल्कोचं. या शिक्षकाने १६९३ साली आमच्या चर्चसाठी संतांच्या प्रवचनांची पोथी उतरवली, आणि तीही चर्चच्या जुन्या भारदस्त भाषेत नव्हे, तर बाजारात बोलतात त्या भाषेत. नेद्याल्कोला पूर्णविराम ठाऊक होता, पण तो त्याने मिठासारखा वापरला. हात जाईल तिथे चिमूटभर. त्यामुळे वाक्य कुठे संपलं हे ठिपके पाहून कळत नाही, वाचून ठरवावं लागतं. बिसेरा पेत्कोवा गेली चार वर्षं तेच ठरवते आहे. वाचनगृहाच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल आहे. तिथे बसून तिने पोथीतल्या दोन हजार एकशे अठरा वाक्यांची झाडं काढली. एक राहिलं होतं.

ते संत निकोलसच्या प्रवचनात, चौऱ्याऐंशीव्या पानावर सुरू होत होतं. नव्वद माणसांची नौका समुद्रात निघते, वादळ येतं, आणि नेद्याल्को जो "आणि" म्हणायला लागतो तो थांबतच नाही. कुठेही कापलं तरी काहीतरी लोंबकळत राही. इथे कापलं तर एक "जर" आपल्या "तर"विना उरे, तिथे कापलं तर नावाड्याने उघडलेलं तोंड उघडंच राही. बिसेराने नऊ महिने प्रयत्न केला आणि जाहीर केलं की हे एकच वाक्य आहे, नव्वदाव्या पानापर्यंत.

सोफियाच्या संस्थेतून विख्रा मानोल्चेवाबाई ऑगस्टमध्ये आल्या. अशा पंधरा गावांच्या पोथ्या त्यांच्याकडे आहेत. त्यांनी सरळ सांगितलं: हे वाक्य दोन माणसांनी स्वतंत्रपणे करायचं. दहातले नऊ शब्द जुळले, तर बिसेराची जागा कायम, आणि ती ब्रेस्तोवोतच. नाहीतर जागा सोफियाला जाईल. बिसेराचा नवरा कामेन आमच्याकडची बस चालवतो, तिचं घर इथे आहे, पोथी इथे आहे. सोफियाला जाऊन फोटोंवर काम करण्यापेक्षा मी बसची तिकिटं फाडीन, असं ती म्हणाली होती.

दुसरा माणूस मिळेना. नेद्याल्कोचं अक्षर पाहिलंत तर का ते कळेल. ते सरळ वाचू शकणारी तिसरी व्यक्ती बाळंतपणाच्या रजेवर होती. पहिली बिसेरा. दुसरे तिचे सासरे, निवृत्त भाषाशिक्षक नायदेन मास्तर.

"एकाच घरात?" मानोल्चेवाबाईंनी विचारलं.

"वेगवेगळ्या मजल्यांवर," मास्तर म्हणाले.

"जेवता कुठे?"

"जेवायला एकच टेबल आहे."

"मग स्वतंत्र कसं, मास्तर? सुपाबरोबर एखादं क्रियापद पलीकडे गेलं म्हणजे?"

तेव्हा मास्तरांची बायको गिनामावशी चुलीपासून न वळता म्हणाली, "माझ्या टेबलावर मी म्हणेन तेवढंच बोललं जातं. तीस वर्षं झाली."

"अडतीस," मास्तर म्हणाले.

"पहिली आठ वर्षं तू ऐकत नव्हतास."

मानोल्चेवाबाईंनी कागद केला. त्यावर बिसेराची सही, मास्तरांची सही, आणि साक्षीदार म्हणून गिनामावशीची सही. वाक्याबद्दल सहा आठवडे घरात एक शब्द बोलायचा नाही, त्यातला कुठलाही भाग मोठ्याने वाचायचा नाही, एकमेकांच्या कागदांकडे पाहायचं नाही.

ते सहा आठवडे गावाने भिंतीपलीकडून ऐकले. मास्तर दाढी करताना "आणि, आणि, आणि" असं पुटपुटायचे. गिनामावशी लगेच रेडिओ लावायची. बिसेरा जिन्यावर थबकली की खालून आवाज यायचा, "सूनबाई, उतर किंवा चढ, ऐकत उभी राहू नकोस!" एकदा बीन्सच्या सुपावर मास्तरांनी फारच लांबून सुरुवात केली.

"समज, एका माणसाला नव्वद मुलं आहेत..."

"बाबा!" बिसेरा ओरडली.

"मी नुसतं म्हणतोय. समज, आहेत. आणि बाप मध्येच निघून गेला..."

गिनामावशीने पळी टेबलावर आपटली. "नायदेन, सूप पी. मुलांना मी सांभाळते."

सप्टेंबरात अंगणात लाल मिरच्या भाजायला घेतल्या तेव्हा दोघांना भट्टीच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून बसवलं होतं. कामेन सांगतो, दोघंही साली सोलता सोलता बोटांनी हवेत रेघा मारत होते. आईने दोघांच्याही हातावर चापट मारली.

तर शनिवारी ते जुळलं. नव्वद टक्के हवे होते, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार मिळाले. जे बारा शब्द जुळले नाहीत त्यांचा मानोल्चेवाबाईंना उलट आनंद झाला. "सगळे जुळले असते तर मी गिनामावशींना कोर्टात नेलं असतं," त्या म्हणाल्या. बारा वीसला त्यांनी नेमणुकीच्या पत्रावर सही केली. बिसेराने पत्र घडी करून स्कर्टच्या खिशात ठेवलं आणि दर पाच मिनिटांनी खिसा चाचपत राहिली.

एवढं मोठं झाड संगणकाच्या पडद्यावर मावत नसे, म्हणून बिसेराने ते भिंतीच्या कागदाच्या उलट्या बाजूवर काढलं होतं. अकरा मीटर. आता ते सज्ज्यावरून खाली सोडलं, ते पायऱ्या उतरून दारापर्यंत आलं. लोकांनी आपापले शब्द वाटून घेतले. खाटिकाला "वादळ" हवं होतं, पण ते पोस्टातल्या बाईने आधीच पकडलं होतं. शेवटी त्याला "मीठ" मिळालं आणि तो रुसला. मुख्याध्यापिकेने "जर" धरला, आणि सात मीटर पलीकडे "तर" धरून उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "नेहमीप्रमाणे उशिरा." नवरा म्हणाला, "पण आलो की नाही?" दुपारी दोन वाजता मी माझ्या वर्तमानपत्राला बातमी पाठवून दिली. मथळा होता, "ब्रेस्तोवोत सापडलं सर्वांत लांब वाक्य". त्या मथळ्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी मास्तर वाचनगृहाच्या सभागृहातल्या मंचावर चढले. सहा आठवडे तोंड दाबून बसलेला माणूस. त्यांनी ठरवलं होतं की अख्खं वाक्य एका दमात वाचायचं. तीन दम लागले. नौका निघाली, लाट उठली, शिडाची दोरी तुटली, नावाडी म्हणाला की जर मी या वर्षी जिवंत राहिलो. सभागृह डोलत होतं, प्रत्येक "आणि"ला पाय आपटत होतं. आणि वारा फिरला आणि काळोख झाला आणि खाली वाकून तिने डोक्यावरचा रुमाल आवळला आणि कोंबडी बगलेत घेऊन ती मंतरणाऱ्या म्हातारीकडे धावली, आणि हे बायांनो असं करू नका...

टाळ्या पडल्या. मास्तरांनी घाम पुसला. टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतून गिनामावशीचा आवाज आला.

"आणि नौका?"

"काय नौका?" मास्तर म्हणाले.

"बुडाली की वाचली?"

"गिना, हे वाक्य आहे."

"वाक्य आहे ना? मग त्यात माणसं आहेत. नव्वद माणसं पाण्यात सोडून तुम्ही कोंबडी कुठून आणलीत?"

"ते रूपक आहे. नौकेला बाईचं रूप दिलंय. शीड म्हणजे रुमाल."

"आणि कोंबडी?"

मानोल्चेवाबाई मदतीला आल्या. "गिनामावशी, जुन्या प्रवचनांत असं असतं. कोंबडी म्हणजे भ्यालेला आत्मा असू शकेल. मी टिपणात लिहिलंय."

"बाई, चाळीस वर्षं माझ्या बगलेत कोंबड्या आहेत. आत्मा असा ओरडत नाही."

सभागृह फुटलं. "वादळ" पकडलेली पोस्टातली बाई हसता हसता खाली बसली आणि वादळ फाटलं. खाटिकाने रुसवा सोडला. कुणीतरी कोंबडीचा आवाज काढला, दुसऱ्या टोकाने लाटेचा. खुद्द मास्तर मंचाचा खांब धरून हसत होते.

बिसेरा हसत नव्हती. ती वरच्या मजल्यावर गेली. मी तिच्या मागे गेलो, म्हणून पुढचं सांगू शकतो. तिने हात धुतले, पुसले, कपाटातून पोथी काढून टेबलावर ठेवली. शहाऐंशीवं पान दोन बोटांत धरलं. मग सत्त्याऐंशीवं. मग पुन्हा शहाऐंशीवं. पानांचे आकडे नेद्याल्कोचे नाहीत. ते पुढे १९३१ साली कुणीतरी पेन्सिलने घातले आहेत. सत्त्याऐंशीच्या पुढच्या बाजूला वादळ आहे. मागच्या बाजूला कोंबडी आहे. तिने पान उजेडासमोर धरलं. इतर पानांतून खिडकीची चौकट दिसत होती, यातून दिसत नव्हती.

"दोन पानं आहेत," ती म्हणाली. "चिकटलेली."

दोन चाळीस झाले होते. खाली घोडे धावावेत तसा दणदणाट चालला होता. तिने खिसा चाचपला. पत्र होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि पोथी पुढची तीनशे वर्षंही काही बोलली नसती.

"लिहू नका अजून," ती मला म्हणाली. "आधी बाईंना सांगते. त्यांनी तुमच्याकडून ऐकायला नको."

मानोल्चेवाबाई मंचाच्या पायरीवर बानित्सा खात बसल्या होत्या.

"बाई, सत्त्याऐंशीवं पान जाड आहे."

"किती जाड?"

"दोन पानांइतकं."

मानोल्चेवाबाईंनी तोंडातला घास गिळला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडताहेत. "म्हणजे," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "दोघांनी वेगवेगळ्या मजल्यांवर बसून, एकमेकांशी एक शब्द न बोलता, समुद्रातल्या नौकेच्या बगलेत कोंबडी दिली. आणि ती नव्वद टक्क्यांहून जास्त बरोबर दिली."

"अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार," मास्तर म्हणाले.

"मूळ कुठे मिळालं तुम्हाला, मास्तर?"

"'निघाली'. पहिल्या पानावर."

"मलाही तेच," बिसेरा म्हणाली. आणि मग तीही हसायला लागली, आणि सासरा-सून एकमेकांचे हात धरून असे हसले की गिनामावशीने पाणी आणलं. सहा आठवड्यांनी दोघं वाक्याबद्दल पहिल्यांदा बोलत होते. चुकून एकदा जरी बोलले असते, एकदा जरी कुणी विचारलं असतं की नौकेचं पुढे काय झालं, तर हे पहिल्याच आठवड्यात उघडकीला आलं असतं. नियम पाळला, म्हणून चूक टिकली. मानोल्चेवाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे हा प्रामाणिकपणाचा धडधडीत पुरावा आहे, पण फॉर्मात त्यासाठी रकाना नाही.

हसणं ओसरल्यावर त्यांनी हात पुढे केला. बिसेराने पत्र दिलं.

"फाडत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुझ्याकडेही ठेवत नाही. ऐक. नेद्याल्को प्रत्येक नव्या प्रवचनाचं नाव लाल शाईने लिहितो. बरोबर?"

"नेहमी."

"चिकटलेल्या दोन पानांच्या आत दोन बाजू दडल्यात. त्यात लाल मथळा निघाला, तर नौका एका प्रवचनातली आणि कोंबडी दुसऱ्यातली. मग हे वाक्य कधी नव्हतंच, आणि नसलेल्या वाक्यावर मी नेमणूक देऊ शकत नाही. मुदत गेलीये. बाकीच्या चौदा गावांना मी काय सांगू?"

"आणि लाल नसेल तर?"

"तर ते एकच वाक्य. फक्त तुम्हाला वाटलं त्याहून लांब. जेवढं दिसत होतं तेवढं तुम्ही वेळेत केलं. पत्र तुझं."

पत्र पोथीच्या कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं. किल्ली कुणाकडे द्यायची यावर वाद झाला नाही. गिनामावशीने ती अॅप्रनच्या खिशात टाकली.

आमच्या सोमवारच्या अंकाचा मथळा तोवर पक्का होऊन छपाईला गेला होता. सोमवारी पहिल्या पानावर सर्वांत लांब वाक्य आणि त्याखाली सहा ओळींचा खुलासा असे दोन्ही गेले. खुलाशात "कोंबडी" हा शब्द दोनदा आला. संपादकांनी एक काढायला सांगितली, मी विचारलं कुठली, आणि मग दोन्ही राहिल्या.

त्याच शनिवारी संध्याकाळपर्यंत गाव दोन पक्षांत वाटलं गेलं: लाल आणि काळे. पैजा लुतेनित्साच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्यांवर लागल्या. या वर्षी मिरच्या चांगल्या झाल्या आहेत, त्यामुळे पैजा मोठ्या आहेत. खाटीक लाल पक्षात आहे. त्याचं म्हणणं, कोंबडी आणि मासे एका दुकानात विकत नाहीत. काळ्यांची पुढारी गिनामावशी. पण घरी ती फार बोलत नव्हती, हे मी रविवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पाहिलं. ती ओट्याशी उभी राहून एकच बरणी पुन्हा पुन्हा पुसत होती.

"जीभ जळो माझी," ती म्हणाली. "एवढा चांगला दिवस. एकदा गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? तुला सोफियाला धाडलं मी."

"आई, कुठे धाडलंय अजून," बिसेरा म्हणाली. "आणि तुम्ही विचारलं नसतं तर चार वर्षांनी मीच विचारलं असतं. एकटीने, माझ्या टेबलाशी. मग कुणी हसायलाही नसतं."

"मला तर वाटतं ती एकच गोष्ट आहे."

"पुरावा?" टेबलावरून मास्तर म्हणाले.

"ती बाई नावाड्याची बायको आहे. नौका वेळेवर आली नाही, म्हणून ती विचारायला गेली. बाई कोंबडी घेऊन दुसरं कशाला धावते?"

"हा पुरावा नाही, गिना. हा अंदाज आहे."

"पुरावा हा की मी अडतीस वर्षं बायको आहे. माणूस परतला नाही की पहिली कोंबडी दिसते."

"तू कधी नेलीस?"

"एक्क्याण्णव साली. तू शाळेच्या सहलीबरोबर घाटात बर्फात अडकलास तेव्हा."

मास्तरांनी चष्मा काढला. "म्हातारी काय म्हणाली?"

"म्हणाली येईल. आलास. कोंबडी परत मिळाली नाही." मग ती बिसेराकडे वळली. "तुमच्या त्या झाडावर टांग हे."

मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी काढायला लागले. बिसेराने वाकून पाहिलं. आता पाहायला हरकत नव्हती. "'धावली' इथून निघेल," ती म्हणाली, "'परतला नाही' इथे असेल तर." "असेल तर," मास्तर म्हणाले, आणि दोघांनी कामेनची खुर्ची ओढून त्यावर कागद पसरले. गिनामावशीने त्या दिवशी सूप तीनदा गरम केलं आणि पळी एकदाही आपटली नाही.

सोमवारी सकाळी साडेनऊला प्लोव्हदिव्हहून ल्युबेन आला. जुनी पानं सोडवणं हे त्याचं काम. तो बारीक, हळू बोलणारा माणूस आहे. हाडाची पातळ सुरी, ओले टीपकागद आणि एक भिंग एवढंच सामान. त्याने पानाची कड ओलावली, वीस मिनिटं थांबला, मग नाक जवळ नेलं.

"मासा," तो म्हणाला.

दाराशी आम्ही चौदाजण होतो. कुणीतरी म्हणालं, "प्रवचनातला?"

"ताटातला. माशाच्या कातड्याचा सरस आहे हा. सुतार वापरतात तसा. पण इथे कुणी मुद्दाम लावलेला नाही, सांडलाय."

मग सगळ्यांनाच एकदम कळलं. निकोलसच्या सणाला, सहा डिसेंबरला, पूर्वी ही पोथी घरोघर नेत. टेबलावर भरलेला कार्प मासा ठेवायचा, शेजारी पोथी उघडायची, घरातल्या थोरल्याने निकोलसचं प्रवचन वाचायचं, आणि मग जेवायचं. प्रत्येक घराला वाटे आपण पोथीला फार जपलं. ल्युबेनने सुरीच्या टोकावर एक तपकिरी कण उचलून भिंगाखाली धरला.

"अक्रोड," तो म्हणाला.

"मग वरच्या आळीतले!" गिनामावशी ओरडली. "खालच्या आळीत आम्ही तांदूळ भरतो."

"तांदूळ काय, ज्यांना अक्रोड परवडत नाहीत ते भरतात," वरच्या आळीतला खाटीक म्हणाला.

"पण आमची पानं चिकटत नाहीत!"

ल्युबेनने विनंती केली की निदान सुरी आत असताना भांडू नये. सोमवारी दिवसभरात पान वरच्या कडेने एक बोट उघडलं. दोन ओळी. दोन्ही काळ्या.

मंगळवारी, एक ऑक्टोबरला, काम सकाळी आठला सुरू झालं. मानोल्चेवाबाई सोफियाहून दर तासाला फोन करत होत्या. बिसेरा ल्युबेनच्या डाव्या हाताला बसून जेवढं दिसेल तेवढं वाचत होती आणि मास्तर उजव्या हाताला बसून लिहून घेत होते. दुपारपर्यंत एकूण पाच ओळी मोकळ्या झाल्या. माणसं माल समुद्रात फेकत होती: मीठ, लोकर, नावाड्याची पेटी. नौका वाचवणारा संत निकोलस अजून आलेला नव्हता. तीन वाजता सहावी ओळ, चार वाजता सातवी. नावाडी हात वर करून काहीतरी म्हणायला लागला होता. खाली चौकात दर ओळीला बातमी पोचवली जात होती, आणि काळा पक्ष दर वेळी घंटा वाजवत होता. पोस्टातल्या बाईने दुपारी पक्ष बदलला. ते चालणार नाही असं लाल पक्षाने कळवलं.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी ल्युबेनची सुरी थांबली. आठव्या ओळीच्या सुरुवातीला, अजून चिकटलेल्या भागाच्या कडेवर, लालसर काहीतरी दिसत होतं.

कुणीही घंटा वाजवली नाही. बिसेराने भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि मास्तरांकडे दिलं. मास्तरांनी ते गिनामावशीकडे दिलं.

"काय आहे ते?" गिनामावशीने विचारलं.

"शाई असेल," ल्युबेन म्हणाला. "मेणबत्तीच्या मेणातला रंग असेल. माशाच्या सारणात मिरची घालत असतील तर तीही असेल. ओलं असताना सगळं सारखंच दिसतं."

"घालतात," खाटीक दारातून म्हणाला. तो लाल पक्षातला आहे, हे तो क्षणभर विसरला असावा. "वरच्या आळीत घालतात."

बिसेराने मास्तरांच्या कागदावर सातवी ओळ पुन्हा तपासली आणि तिच्या खाली आठवीचा आकडा लिहिला. ल्युबेनने पानाच्या दोन्ही बाजूंना टीपकागद ठेवून वर काचेची पट्टी दाबली. ओला कागद वाळायच्या आत सुरी पुढे नेली तर तो फाटतो. पाच वाजता "उरलेलं उद्या" म्हणत त्याने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. डाग चार मिलिमीटर रुंद आहे.